वैमानिकाचा परीक्षक



१९४८ सालच्या जून महिन्यात अवघ्या आठवड्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १ जून रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी मोटारगाडी, म्हणजे आपली एस.टी., पहिल्यांदा धावली. आणि ८ जून रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. एक वाहन आपल्या जिल्ह्याच्या धुळीतले, दुसरे सातासमुद्रांपलीकडे जाणारे. परंतु दोहोंत बसलेल्या माणसाची स्थिती एकच होती. तिकिटाचे पैसे मोजून त्याने आपला जीव एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवला होता.

त्यातही एस.टी.तल्या उतारूला चालकाची पाठ तरी दिसते. घाट चढताना तो गिअर कसा बदलतो, समोरून मालमोटार आली तर बाजू कशी देतो, हे त्याला पाहता येते. फारच भीती वाटली तर 'अहो, जरा दमानं' असे म्हणण्याचीही मुभा असते. विमानात ही सोय नाही. वैमानिकाची खोली बंद असते. आतला माणूस तरबेज आहे की नवखा, ताजातवाना आहे की थकलेला, यातले काहीच आपल्याला कळत नाही. आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. हा विश्वास भाबडा ठरू नये म्हणून जगाने गेल्या शंभर वर्षांत जी एक व्यवस्था उभी केली, तिचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. वैमानिकाची परीक्षा कोण घेतो, कशी घेतो, आणि त्या परीक्षकाची परीक्षा कोण घेतो, हा आजचा विषय.

हा विषय मुंबई-दिल्लीच्या लोकांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. जिथे बाजरीची ताटे डोलत होती तिथे अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी आली. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले एक विमान उतरल्यावर याच धावपट्टीची हद्द ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण अडीच हजार मीटर म्हणजे किती, आणि ते किती लवकर संपतात, हे त्या दिवशी आपल्या जिल्ह्यालाही कळले.

परवाना एकदाच, पोटापुरता

आरंभीच्या काळात वैमानिकाची परीक्षा ही आजच्या मानाने फारच साधी होती. भारतात दिला गेलेला पहिला परवाना जे. आर. डी. टाटा यांचा. त्याची तारीख १० फेब्रुवारी १९२९ आणि क्रमांक एक. त्या काळी उमेदवाराला एकट्याने विमान वर न्यावे लागे, हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावी लागत, इंजिन मंद करून तरंगत खाली येऊन खूण केलेल्या जागेजवळ उतरावे लागे, आणि थोडी तोंडी परीक्षा द्यावी लागे. झाले. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला पुन्हा कोणी मॅट्रिकला बसवत नाही, तसाच हा प्रकार.

आणि त्या काळापुरते ते पुरेही होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूच्या मैदानावर टपाल आणले, तेव्हा त्या छोट्या 'पस मॉथ' विमानात ते एकटेच होते. चुकले असते तर स्वतः गेले असते आणि बरोबर काही पत्रे गेली असती. विमानाच्या पोटात माणसे बसू लागली, तीही दाम मोजून, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. स्वतःच्या जिवाशी खेळणाऱ्याला धाडसी म्हणता येते, पण परक्याच्या जिवाशी खेळणाऱ्याला तो शब्द लावता येत नाही.

हा बदल जगाला कसा उमगला त्याची एक कथा अमेरिकेतली आहे. १९३४ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने खासगी कंपन्यांकडून हवाई टपालाचे काम काढून घेतले आणि ते लष्करी वैमानिकांवर सोपवले. हे वैमानिक शूर होते, तरुण होते, परवानाधारक होते. परंतु काळोखात, धुक्यात, बर्फात केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याची सवय त्यांच्यापैकी अनेकांना नव्हती. काही आठवड्यांतच डझनभर तरुण प्राणांस मुकले. स्वच्छ उन्हात दिलेली परीक्षा वादळात उपयोगी पडत नाही, हा धडा फार महाग पडला.

या आपत्तीने एडविन लिंक नावाच्या गृहस्थाचे नशीब मात्र उघडले. त्याचे वडील पियानो आणि ऑर्गन बनवीत. त्या धंद्यातले भाते आणि हवेच्या नळ्या वापरून त्याने १९२९ च्या सुमारास एक नकली विमान तयार केले होते. ते जमिनीवरच राही, पण आत बसलेल्याला डुले, झुके, वळे. तोवर जत्रेतला पाळणा म्हणून त्याची संभावना होत होती. १९३४ नंतर लष्कराने तीच यंत्रे विकत घेतली, आणि आज ज्याला आपण सिम्युलेटर म्हणतो त्याचा वंश सुरू झाला.

त्याच वर्षी हिंदुस्थानात विमानवाहतुकीचा कायदा झाला आणि १९३७ साली त्याखालील नियम आले. १९३४ चा हा कायदा नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. या सगळ्या नियमांच्या जंजाळातून एक तत्त्व हळूहळू पक्के होत गेले. वैमानिकाची लायकी ही जमिनीच्या सातबाऱ्यासारखी एकदा नावावर चढली की कायमची झाली, असे नाही. ती मुदतीची असते. मुदत संपली की पुन्हा सिद्ध करावी लागते.

परीक्षा कशी होते

आता ही परीक्षा प्रत्यक्षात कशी असते ते पाहू. विमान कंपनीचा वैमानिक, मग तो कालचा असो की तीस वर्षांचा मुरलेला, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसतो. आत हुबेहूब विमानाची खोली असते आणि बाहेर काचेतून दिसणारे खोटे आकाश असते. मागे परीक्षक बसतो. यालाच वैमानिकांच्या बोलीत 'चेक पायलट' म्हणतात. कागदोपत्री हल्ली 'एक्झामिनर' असा शब्द आहे. त्याच्या हाताशी कळा असतात. एक कळ दाबली की इंजिन बंद पडते, दुसरी दाबली की धुके उतरते, तिसरीने आग लागल्याची घंटा वाजते.

सर्वांत जुना आणि सर्वांत कठीण प्रश्न असा. विमान धावपट्टीवर वेग घेत असते. एक ठरावीक वेग असा असतो की त्याच्या आत काही बिघडले तर थांबता येते, आणि तो ओलांडला की थांबू गेल्यास धावपट्टी संपते. मग उरलेल्या एका इंजिनावर उडालेच पाहिजे. या वेगाला 'व्ही-वन' म्हणतात. परीक्षक नेमका त्याच क्षणी एक इंजिन मारतो. विमान एका बाजूला ओढू लागते. वैमानिकाने पायाने सुकाणू दाबून ते सरळ राखायचे, नाक बेताने उचलायचे, घाई न करता वर जायचे, फिरून यायचे आणि एका इंजिनावर उतरायचे. सारा निर्णय एक-दोन सेकंदांचा.

याखेरीज उपकरणे नादुरुस्त होण्याचेही प्रश्न असतात. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोनएक मिनिटांतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ जीव गेले. विमान किती कलले आहे ते दाखवणारे कप्तानाचे उपकरण बिघडले होते, आणि बाहेर अंधाऱ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. शेजारची उपकरणे खरे सांगत होती. आज परीक्षेत वैमानिकाला अशा खोट्या बोलणाऱ्या उपकरणापुढे बसवतात आणि तो शेजारच्या दोन साक्षीदारांना विचारतो की नाही हे पाहतात. या प्रश्नपत्रिकेतल्या बहुतेक प्रश्नांमागे एखादी दुर्घटना उभी असते.

सिम्युलेटरची परीक्षा झाली की दुसरी असते ती मार्गावरची. खऱ्या विमानात, खरे उतारू घेऊन, ठरलेल्या मुक्कामाला जाताना चेक पायलट वैमानिकाच्या शेजारी किंवा मागे बसतो आणि त्याचे रोजचे काम न्याहाळतो. सिम्युलेटरमध्ये संकटाची परीक्षा होते, मार्गावर सवयीची होते. आळस, आडमार्ग, 'चालतंय की' ही वृत्ती सवयीतच दिसते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. हा चेक पायलट बहुधा त्याच कंपनीचा चाकर असतो. महिन्याचा पगार कंपनी देते, पण परीक्षकाचा अधिकार सरकारच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेने मिळतो. काल ज्याच्याबरोबर जेवलो त्याला आज नापास करावे लागले तर करायचे, आणि त्याच्यावाचून उद्याची फेरी रद्द होणार असली तरी करायचे, असे हे काम आहे. गावच्या पंचासारखी त्याची स्थिती असते. निवाडा दिल्यावरही त्याच गावात राहायचे असते.

परीक्षेनेच घात केला तेव्हा

सिम्युलेटर चांगले नव्हते किंवा पुरेसे नव्हते तेव्हा या परीक्षा आणि शिकवण्या खऱ्या विमानातच चालत. इंजिन बंद पडल्याचे सोंग खऱ्या इंजिनाची ताकद कमी करूनच आणावे लागे. त्याचा परिणाम कधीकधी भयंकर होई. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावर सहारा कंपनीचे बोइंग ७३७ असाच सराव करीत होते. एक इंजिन मंद केल्यावर शिकाऊ वैमानिकाने उलट्या पायाचे सुकाणू दाबले. शिक्षकाचे पाय त्या क्षणी ते सावरण्यास तयार नव्हते. विमान उलटून जवळ उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर पडले. सरावाच्या विमानातील चौघांसह एकूण नऊ माणसे दगावली.

यावरून परीक्षकाच्या कामातला खरा पेच दिसतो. परीक्षार्थ्याला चूक करू दिल्याशिवाय त्याची पारख होत नाही. चूक फार वाढू दिली तर दोघेही जातात. शाळेतला परीक्षक उत्तरपत्रिका घरी नेतो, सावकाश तपासतो, आणि विद्यार्थी नापास झाला तरी स्वतः सुखरूप असतो. चेक पायलट मात्र त्याच होडीत बसलेला असतो.

पण याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे, आणि तो समजायला जगाला दोन मोठे अपघात लागले.

पहिला अपघात २७ मार्च १९७७ चा. स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर धुक्याने भरलेल्या एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. चुकीने उड्डाणाला सुरुवात करणारे विमान डच कंपनी के. एल. एम.चे होते. त्याचा कप्तान याकोब फान झांटेन हा कोणी उडाणटप्पू नव्हता. तो त्या कंपनीतील जंबो विमानांच्या शिक्षणविभागाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा त्यानेच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. कप्तानाने पहिल्यांदा इंजिनांची ताकद वाढवली तेव्हा सहवैमानिकाने 'अजून परवानगी मिळालेली नाही' असे सांगून त्याला थांबवले. थोड्या वेळाने कप्तानाने पुन्हा तसेच केले, तेव्हा तो त्याला थांबवू शकला नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली. तिला कप्तानाने ठामपणे उडवून लावले.

ज्याने आपल्याला पास केले त्याला एकदा टोकता येते. लगोलग दुसऱ्यांदा टोकायला फार मोठी छाती लागते.

दुसरा अपघात आपल्या देशातला, आणि तो तर परीक्षा चालू असतानाच घडला.

१९८९ साली इंडियन एअरलाइन्सने एअरबस ए-३२० ही नवी कोरी विमाने घेतली. संगणकाच्या साहाय्याने चालणारे हे विमान त्या काळी जगातही नवे होते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी दुपारी बाराच्या सुमारास अशा एका विमानाने मुंबईहून बंगळूरकडे उड्डाण केले. आत उतारू व कर्मचारी मिळून १४६ माणसे होती. डावीकडे, म्हणजे कप्तानाच्या आसनावर, कॅप्टन फर्नांडिस बसले होते. या विमानाचे कप्तान होण्यासाठी त्यांना मार्गावरच्या दहा परीक्षा द्यायच्या होत्या आणि ही त्यांतली पहिली होती. उजवीकडे चेक पायलट कॅप्टन गोपुजकर. दोघेही हजारो तास उड्डाण केलेले जुने वैमानिक होते. मात्र या नव्या यंत्राशी दोघांचीही ओळख अलीकडचीच होती.

आकाश निरभ्र होते. बंगळूरच्या जुन्या, म्हणजे एच. ए. एल.च्या, विमानतळाकडे विमान उतरू लागले. दर मिनिटाला सातशे फूट या गतीने खाली यायचे, असा बेत ठरला. विमानाच्या फळीवर दोन बटणे जवळजवळ आहेत. एकावर उतरण्याची गती लावतात आणि दुसऱ्यावर किती उंचीपर्यंत यायचे ते लावतात. पुढे झालेल्या चौकशीत असे सर्वांत संभाव्य मानले गेले की सातशे हा आकडा गतीऐवजी उंचीच्या बटणावर लावला गेला. यंत्राने आज्ञा पाळली. सातशे फुटांपर्यंत खाली यायचे आहे ना, मग इंजिनांची गरज काय, असे समजून त्याने दोन्ही इंजिने मंद ठेवली. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी तसे विमान घरंगळू लागले. वेग कमी होत गेला.

या अवस्थेतून यंत्राला बाहेर काढायचे तर दोघांच्याही समोरचे मार्गदर्शक उपकरण बंद करावे लागते. एकाचे बंद झाले, दुसऱ्याचे चालूच राहिले. तेवढ्याने यंत्र जुन्याच आज्ञेवर चालत राहिले. इंजिने सारा वेळ मंद आहेत हे परीक्षकांच्या ध्यानात आले आणि ते तसे बोललेही. पण हात इंजिनांच्या कळांकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मंद इंजिनाला पुरता जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले, बांधावर आदळून पेटले. ९२ माणसे गेली. दोघे वैमानिकही गेले.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांनी या अपघाताची चौकशी केली. वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य वेळीच उमगले नाही व त्यांनी वेळीच इंजिनांची ताकद वाढवली नाही, असा निष्कर्ष निघाला. देशातील ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर बसवली गेली. यंत्राचा दोष किती आणि माणसाचा किती, यावर वैमानिकांच्या संघटनांनी आणि इतरांनी पुष्कळ वाद घातला.

मृतांना उत्तर देता येत नाही. म्हणून त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते हे सांगण्याचा आव आपण आणू नये. पण अशा परीक्षेच्या रचनेतच काय दडलेले असते, ते मात्र पाहता येते. परीक्षार्थ्याला वाटते, काही चुकत असेल तर साहेब सांगतीलच. परीक्षकाला वाटते, पाहू या याच्या ध्यानात येते का. दोन जाणती माणसे एकमेकांची वाट पाहतात आणि यंत्र कोणाचीच वाट पाहत नाही. एक कप्तान आणि एक सहवैमानिक असले म्हणजे कोणी कोणावर नजर ठेवायची हे ठरलेले असते. दोन कप्तान बसले की दोघांचाही पहारा ढिला होण्याचा संभव असतो. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

प्रश्नपत्रिका बदलली

या अपघातांनी वैमानिकाच्या परीक्षेचे स्वरूपच पालटले. पूर्वी हात पाहत. आता हाताबरोबर तोंड आणि कानही पाहू लागले. टेनेरिफनंतर दोन वर्षांनी, १९७९ साली, अमेरिकेत 'नासा' या संस्थेने तज्ज्ञांची एक बैठक बोलावली आणि तिच्यातून एक नवे शिक्षण जन्माला आले. सहवैमानिकाने शंका कशी काढावी, कप्तानाने ती कशी ऐकावी, संकटात कामाची वाटणी कशी करावी, हे शिकवता येते आणि तपासताही येते, हे त्यातून मान्य झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २०१३ साली याला आणखी पक्के रूप दिले. परीक्षकाने केवळ 'एका इंजिनावर उतरला काय, होय अथवा नाही' एवढेच लिहायचे नाही. नियमपालन, संभाषण, हाताने उडवणे, यंत्राकडून उडवून घेणे, नेतृत्व, निर्णय, परिस्थितीचे भान, कामाचा भार पेलणे, असे गुण त्याने वेगवेगळे तोलायचे. चुकला का, यापेक्षा का चुकला, हा प्रश्न मोठा मानला गेला.

आपल्याकडे हे सगळे शिकवले गेले. पण अंगी किती मुरले? २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेले आणि १५८ जण मेले. सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते की उतरू नका, पुन्हा वर चला. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात त्याच कंपनीचे विमान धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. २१ जण गेले. या विमानाचे कप्तान दीपक वसंत साठे हे हवाई दलातून आलेले, चाचणी-वैमानिक राहिलेले, नावाजलेले मराठी गृहस्थ होते. चौकशीच्या अहवालाने नोंदवले की विमान निम्मी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले आणि पुन्हा वर जाण्याविषयी सहवैमानिकाने दिलेली सूचना पाळली गेली नाही. त्याच अहवालाने व्यवस्थेतील उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असेही म्हटले. याचा अर्थ साठे यांच्यासारख्या माणसाची योग्यता कमी होती असा नव्हे. त्यांच्या योग्यतेविषयी कोणालाच शंका नव्हती, आणि म्हणूनच हे उदाहरण आपण जपून ठेवले पाहिजे. अनुभव ही मोठी ठेव आहे. परंतु तिच्या बळावर तपासणीतून सूट मागता येत नाही.

आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, असे बाळकडू पाजले जाते. घरात ते शोभते. वैमानिकाच्या खोलीत मात्र धाकट्याने बोललेच पाहिजे आणि थोरल्याने ऐकलेच पाहिजे. इतक्या जुन्या संस्काराला वळण लावायचे काम सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या परीक्षेवर पडते, हे त्या परीक्षकाचे ओझे आहे.

परीक्षकाची परीक्षा

मग परीक्षकावर कोण? त्याच्यावर महासंचालनालयाचे उड्डाण निरीक्षक असतात. ते कधी वैमानिकाची, तर कधी परीक्षा घेणाऱ्याची तपासणी करतात. परीक्षकाची मान्यताही कायमची नसते. शिवाय विमानातच बसवलेली नोंदयंत्रे प्रत्येक उड्डाणाचा हिशेब ठेवतात, आणि कोणी किती वेगाने, किती लांब टेकवले ते नंतर तपासता येते. तरी कोणतेही कुंपण आपोआप शेत राखत नाही. २०११ साली आपल्या देशात काही वैमानिकांनी खोट्या गुणपत्रिका दाखवून वरचे परवाने मिळवल्याचे उघडकीस आले. तपास सुरू झाला तो गोव्याला एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकवले गेले, त्यावरून. कागदावरची खोटी परीक्षा धावपट्टीवर उघडी पडली.

खऱ्या परीक्षेचा दुसराही एक गुण सांगितला पाहिजे. ती जशी नालायकाला अडवते, तशीच लायक माणसाला इतरांच्या ग्रहापासून वाचवते. बायकांच्या हाती विमान देण्यास कचरणाऱ्या काळात कॅप्टन सौदामिनी देशमुख इंडियन एअरलाइन्समध्ये कप्तान झाल्या. १९८५ साली कलकत्ता-सिलचर मार्गावर त्यांनी फोकर विमान नेले, तेव्हा शेजारी सहवैमानिक म्हणून निवेदिता भसीन होत्या. वैमानिकाच्या खोलीत पुरुष कोणी नव्हता. लोकांना काय वाटते याचा तिथे प्रश्न नव्हता. इंजिन बंद पडल्यावर विमान सरळ राहते की नाही, एवढेच ती परीक्षा विचारते. आणि तिचे उत्तर कुळावर, वशिल्यावर किंवा लिंगावर अवलंबून नसते.

श्रोतेहो, काकडीच्या धावपट्टीवर २०२५ सालापासून रात्रीही विमाने उतरू लागली. राहाता-कोपरगावच्या शिवारात रात्री पाण्याची बारी धरायला गेलेला शेतकरी मान वर करून ते दिवे पाहतो. त्या दिव्यांमागे जो माणूस बसला आहे त्याने गेल्या सहा महिन्यांत केव्हातरी एका बंद खोलीत इंजिन जळताना पाहिले आहे, धुक्यात धावपट्टी शोधली आहे, आणि एका सहकाऱ्याने वहीत काय लिहिले याची धाकधुकीने वाट पाहिली आहे. तीस वर्षे नोकरी झाली तरी त्याला यातून सुटका नाही.

आता आपण आपल्याकडे वळून पाहू. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, पूल बांधणारा इंजिनिअर, वर्गात शिकवणारा मास्तर, आणि, रागावू नका, व्यासपीठावरून बोलणारा वक्ता, यांनी शेवटची परीक्षा केव्हा दिली? पुष्कळांचे उत्तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे निघेल. वैमानिकाला मात्र आपण दर सहा महिन्यांनी विचारतो, कारण तो चुकला तर एका क्षणात शेकडो मरतात आणि ते दिसते. इतरांच्या चुकीने माणसे एकेक करून, निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या वर्षी मरतात, म्हणून ती दिसत नाहीत. मोजणी करू गेलो तर ती किती भरतील, याचा विचार आपण घरी जाता जाता करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.